तीर्थरूप अक्कास

१

आईचं अंग पुसून झालं, औषधं पोटात गेली आणि तिला सांभाळायला येणाऱ्या बाई चहा टाकायला आत वळल्या, की आमचं काम सुरू व्हायचं. मी खिडकीजवळची खुर्ची पलंगाशी ओढायची, आईच्या मानेखाली जास्तीची उशी सरकवायची आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून पत्रांचा पुढचा गठ्ठा काढायची. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन माइकचं चित्र दाबायचं आणि मोठ्यानं वाचायचं. मी वाचत जाई, पडद्यावर अक्षरं उमटत जात.

पत्रं आईची होती. लग्नानंतर दर आठवड्याला तिनं तिच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे माझ्या मावशीला लिहिलेली. मावशी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. तिनं लग्न केलं नाही. दुसऱ्या शहरात, एका खोलीत, आयुष्यभर एकटी राहिली. तिची उत्तरं दोन ओळींची असायची. मजकूर समजला, पुढे काय झालं ते सविस्तर कळव. संपलं. आई हसायची. म्हणायची, "अक्काला स्वतःचं म्हणून काही सांगायचंच नसतं. माझाच संसार ती तिकडे बसून करते." मावशी गेल्यावर तिच्या शेजारणीनं हा डबा आमच्याकडे पाठवला. आईनं तो उघडलासुद्धा नाही. कपाटावर चढवून ठेवला.

मग आईला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. जी बाई दूधवाल्याशी बोलायला लागली की दूध तापायची वेळ टळून जायची, ती नुसती छताकडे बघत पडून राहिली.

पत्रं डिजिटल करायची कल्पना दादाची. तो समुद्रापलीकडे असतो, त्यामुळे त्याच्याकडे कल्पना भरपूर असतात. कागद पिवळे पडले होते, शाई मागच्या बाजूला फुटली होती. फोटो काढून सॉफ्टवेअरला दिला तर त्यानं 'जावेच्या भावाचं लग्न' या तीन शब्दांचं 'जीवेच्या भातात लवंग' करून ठेवलं. मी पेशानं मुद्रितशोधक. चुका वेचून पोट भरते. पण या असल्या चुका वेचायला सात जन्म पुरले नसते.

"मग तू वाच ना," दादा म्हणाला. "ते ऐकून टाइप करेल. आईच्याही कानावर पडेल. एका दगडात दोन पक्षी."

आईला बोलायला शिकवायला येणाऱ्या थेरपिस्ट मुलीनंही मान डोलावली. म्हणाली, "ओळखीचे शब्द कानावर पडू द्या. कुठला शब्द कुठलं दार उघडेल, सांगता येत नाही."

२

सकाळी वाचलेलं मी दुपारी तपासायची. विरामचिन्हं घालायची, जोडाक्षरं नीट करायची. अशाच एका दुपारी पडद्यावर हे दिसलं:

'नव्या घराला दोन खिडक्या आहेत हं त्यातली एक उघडतच नाही हं शेजारीण बरी आहे पण फार चौकश्या करते हं'

वाटलं, आपलीच सवय असेल. बोलता बोलता 'हं' घालणारी माणसं कमी का असतात? मी सगळे 'हं' पुसले आणि फाइल दादाला पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी मात्र लक्ष ठेवून वाचलं. एक वाक्य संपवलं आणि श्वास घेण्यापुरती थांबले. पडद्यावर आलं: हं.

पुढचं वाक्य मी मुद्दाम अर्ध्यात तोडलं. काही आलं नाही. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. वाक्य पुरं केलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

हं.

गोष्ट ऐकताना मूल जसा हुंकार देतं, अगदी तसा. जिथे द्यायचा तिथेच. मी आईकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते, छाती संथ वर-खाली होत होती.

थेरपिस्टला सांगितलं तर तिचा चेहरा उजळला. "अहो, माइक फार बारीक आवाज टिपतो. त्यांच्या गळ्यातून हुंकार निघत असणार. तुमच्या कानाला कळत नाही, त्याला कळतो. म्हणजे त्या ऐकतायत! समजतंय त्यांना!"

मी जिन्यात जाऊन रडले. मग दादाला फोन लावला. तोही रडला. इतक्या महिन्यांत आम्ही दोघं पहिल्यांदाच एकाच गोष्टीसाठी रडलो.

३

मग काय, मी अधाशासारखी वाचायला लागले. सकाळी वाचायची, दुपारी वाचायची, प्रेसचं काम बाजूला सारून वाचायची. घसा बसला तर कोमट पाणी पिऊन वाचायची. बाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही वाचून वाचून मुक्या व्हाल आणि आई बोलायला लागतील." आम्ही दोघी हसलो.

वाचताना मी आईचा उजवा हात हातात घेऊन बसायची. तो हात मेल्यासारखाच होता, गार आणि जड. एकदा 'तीर्थरूप अक्कास, साष्टांग नमस्कार' एवढं वाचलं आणि त्या हाताची बोटं माझ्या बोटांवर दाबली गेली. हलकीच, पण नक्की.

"आई?"

ती माझ्याकडेच बघत होती. उजव्या डोळ्यातून पाणी ओघळलं.

डॉक्टर म्हणाले, असे झटके स्नायूंना आपोआप येतात, फार अर्थ काढू नका. त्या बाजूच्या डोळ्याचं पाणीही गळणारच. पण मी अर्थ काढला होता. आई सांगत होती, वाच, थांबू नकोस.

जितक्या वेळा हात दाबला गेला, तितक्या वेळा मी आवाज वाढवून पुढचं पत्र घेतलं.

४

एके दिवशी आईला तपासणीसाठी हॉस्पिटलात न्यायचं होतं. बाई बरोबर गेल्या. मी मागे राहिले, कारण प्रेसचा माणूस प्रुफं घ्यायला यायचा होता. तो येऊन गेला. घर रिकामं झालं. म्हटलं, एक पत्र राहिलंय तेवढं वाचून टाकावं.

पलंग रिकामा होता. चादर ताणून घातलेली, उश्या भिंतीशी उभ्या. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. मी सवयीनं त्याच खुर्चीत बसून वाचायला लागले. पत्रात विशेष काही नव्हतं. थोरल्यानं शाळेत पाटी फोडली होती आणि आईनं पडद्यांसाठी निळं कापड आणलं होतं.

पान संपलं. पडद्यावर नजर गेली.

'आणि आता पडदे मीच शिवणार आहे हं'

पहिला विचार आला तो पंख्याचा. पंखा बंद केला. खिडकी लावून घेतली. गाडीचं पाणी ऐकू येईनासं झालं. पुन्हा वाचलं, पुन्हा 'हं' आला. मग वाटलं, माझ्याच श्वासाचा आवाज असणार. टेबलावर भूगोलाच्या पुस्तकाची प्रुफं पडली होती. त्यातला उतारा त्याच आवाजात, तशीच थांबत थांबत वाचला. नद्या, खोरी, गाळाची जमीन. पडद्यावर नद्या आल्या, खोरी आली. 'हं' एकही आला नाही.

पत्र पुन्हा उचललं. पान उलटायला गेले ते कागद कागदाला चिकटलेला निघाला. मी नखानं सोडवत बसले. त्या शांततेत, मी एक अक्षरही उच्चारलेलं नसताना, पडद्यावर शब्द उमटला.

'मग'

मी लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ पूर्ण सोडून उभी राहिले.

हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईचा हुंकारही गेला असता. दादाला काय सांगणार होते मी? की ती ऐकत नाहीये, ऐकणारं कुणी दुसरंच आहे? बुडत्याला काडीचा आधार असतो. ती काडी कुठल्या झाडाची, हे तो विचारत नाही.

५

त्यानंतर थोड्याच दिवसांत आई बोलली.

मी वाचत होते. वाक्य संपलं आणि खोलीत खराखुरा, कानांनी ऐकू येणारा आवाज झाला. "हं."

बाईंच्या हातातली बशी खाली पडली. आईच्या ओठांचा डावा कोपरा वर उचलला गेला होता. मी पुढचं वाक्य वाचलं.

"हं," आई म्हणाली. आणि मग, "पुढे?"

त्या आठवड्यात घरात सण असल्यासारखं झालं. थेरपिस्टनं मला मिठी मारली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. शब्द भराभर येऊ लागले. पाणी. उशी. दार लाव. मग वाक्यं आली. रोज जेवढं वाचून व्हायचं, तेवढं तिचं बोलणं पुढे सरकायचं. फक्त डाव्या ओठातून यायचं, थोडं घसरत, पण स्पष्ट.

दादाला व्हिडिओवर बोलावलं. त्याचा चेहरा पडद्यावर आला, डोळे भरलेले. आई डावा डोळा बारीक करून त्याच्याकडे बघत राहिली.

"हा थोरला का?" तिनं मला विचारलं. "केवढा झाला! पाटी फोडायचा तो हाच ना?"

दादा खळखळून हसला. "हाच, हाच!"

मलाही हसू आलं आणि तोंडावरच थिजलं. थोरला आणि धाकटी हे आमचे पत्रांतले उल्लेख. आईनं दादाला जन्मात कधी थोरला म्हणून हाक मारली नव्हती. ती त्याला सोन्या म्हणायची. मी बबडी. रागावली तरी बबडे आणि लाडात आली तरी बबडे.

"आई, मी कोण?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"असं काय विचारतेस? तू धाकटी." तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. कुतूहलानं. नात्यातलं नुसतं ऐकून माहीत असलेलं मूल पहिल्यांदा समोर आलं की माणूस पाहतं, तसं. "नाक आईवर गेलंय तुझं," ती म्हणाली.

६

मी लहानपणी तापानं फणफणले होते, त्या वेळचं एक पत्र आहे. त्यात आईनं लिहिलंय की हे रात्रभर धाकटीच्या उशाशी बसून होते, डोळ्याला डोळा लागला नाही त्यांचा.

खरं म्हणजे बाबा त्या दिवसांत गावातच नव्हते. आईनं एकटीनं मला खांद्यावर टाकून हॉस्पिटल गाठलं होतं. हा किस्सा तिनं आम्हाला अनेकदा सांगितला होता आणि प्रत्येक वेळी शेवटी जीभ चावायची. "अक्काला मात्र खोटंच लिहिलं बाई. नाहीतर लगेच म्हणाली असती, बघ, मी सांगत नव्हते?"

ते पत्र मी सकाळी वाचलं. दुपारी तिला भरवत होते, तेव्हा ती म्हणाली, "तुझे बाबा माणूस म्हणून सोनं. तुझ्या तापात रात्रभर उशाशी बसून होते."

माझा हात हवेतच राहिला. "आई, बाबा तेव्हा गावात नव्हते. तूच सांगायचीस."

"होते की."

"नव्हते गं."

"अगं, होते म्हणजे होते," ती समजुतीनं म्हणाली. "लिहिलंय ना."

मी चमचा ठेवला. मग एकेक विचारत गेले. पत्रांत ज्याचा उल्लेख होता ते तिला सगळं माहीत होतं. निळे पडदे, न उघडणारी खिडकी, चौकश्या करणारी शेजारीण. पण त्या शेजारणीचं तोंड कसं होतं, ते तिला सांगता येईना. जे पत्र अजून डब्यात होतं त्यातलं काही विचारलं, तर ती नुसती उत्सुकतेनं बघायची. आणि मावशी गेल्यानंतरच्या वर्षांतलं तर काहीच नाही. माझं लग्न झालं, मोडलं, मी बॅग घेऊन दारात उभी राहिले आणि आई एका शब्दानं न विचारता बाजूला झाली. यातलं काही नाही.

"तुझं लग्न झालं?" तिचा डावा डोळा चमकला. "कधी? सांग ना. सविस्तर सांग."

डॉक्टरांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, मेंदूला इजा झाली की अलीकडचं आधी पुसलं जातं. ऐकलेलं आणि घडलेलं यांची गल्लत होते. नावं बदलतात. सगळं पुस्तकात आहे.

होतं खरं. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. एक सोडून. आई शब्दांनी सुधारत गेली तसतशी तिच्या उजव्या हाताची पकड ढिली होत गेली होती. आता मी वाचताना तो हात दाबला जातच नव्हता. मी तो उलटा करून तळवा पाहिला. आठवून पाहिलं, कधी कधी दाबला होता तो? पत्राची सुरुवात करताना. पान उलटताना. मी आवाज वाढवताना.

वाच म्हणून नव्हती सांगत ती.

७

मी वाचन बंद केलं. डबा माझ्या खोलीत नेऊन कपाटाला कुलूप घातलं.

पहिल्या दिवशी ती नुसती विचारत राहिली. "पुढे? धाकटे, पुढे काय झालं?" मग चिडली. मग रुसली. मग बोलणं घसरू लागलं, शब्द गळू लागले. आणि एका दुपारी, मी हात हातात घेऊन बसले असताना, बोटं माझ्या बोटांवर हलकेच मिटली. मी ती गालाला लावून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

दादानं फोनवर आकाशपाताळ एक केलं. "बाई सांगतात, आईचं बोलणं परत बंद होत चाललंय. आणि तू वाचायचं थांबवलंस?"

"दादा, ते बोलणं आईचं नाही."

"म्हणजे?"

"तिला सोन्या माहीत नाही. बबडी माहीत नाही. तिला फक्त पत्रं माहीत आहेत. दादा, ती लिहिणारी नाहीये. ती..."

मग तो अगदी हळू, मऊ आवाजात म्हणाला, "तू दमली आहेस गं. एकटीवर सगळं पडलंय. मी बघतो काय करायचं ते."

तो काय करेल असं मला वाटलंच नाही. इतक्या लांबून काय करणार?

प्रेसमध्ये पाठ्यपुस्तकांची घाई होती, जाणं भाग होतं. दुपारी परतले तर जिन्यातच आवाज आला. आमच्या घरातून येत होता. बायकी, सपाट, कुठेही न अडखळणारा. यंत्राचा आवाज. 'तीर्थरूप अक्कास साष्टांग नमस्कार पत्र पाठवायला उशीर झाला.' आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी, मध्ये बोटभरसुद्धा अंतर न सोडता, "हं... हं..."

तो हुंकार जिन्यात ऐकला तेव्हा मला तो ओळखता आला. शेवटी जरा वर जाणारा, लाइन जोडून देताना करतात तसा. लहानपणी मावशीचा फोन असला की आई रिसीव्हर माझ्या कानाला लावायची. मी शाळेतलं काहीबाही सांगायची आणि पलीकडून तेवढंच यायचं.

मी धावत वर गेले. बाई पलंगाशी स्टुलावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. आईच्या उशाशी त्यांचा फोन टेकवून ठेवला होता.

"दादांनी शिकवलं मला," त्या कौतुकानं म्हणाल्या. "तुम्ही पाठवलेल्या फायली आहेत ना, फोन आपोआप वाचतो. सकाळपासून लावलंय. बघा तरी, किती छान हुंकार देतात!"

आईचं डोकं फोनकडे कललं होतं. चेहऱ्याची डावी बाजू भरली होती, तुकतुकीत दिसत होती. ओठ किंचित उघडे, डावा डोळा फोनवर खिळलेला, जेवायला बसलेल्या माणसासारखा. आणि उजवा डोळा दाराकडे होता. तो तिथेच लागलेला होता, सकाळपासून लागलेला असणार. पाणी वाहून वाहून त्या बाजूची उशी भिजून गेली होती. मी दारात दिसताच तो डोळा मोठा झाला.

एका चेहऱ्यावरचे दोन डोळे दोन वेगवेगळ्या माणसांचे असावेत, असं मी पाहिलं. क्षणभरच. मग मी फोन हिसकावून बंद केला.

"दादांनी सगळ्या नातेवाइकांनाही पाठवलंय," बाई चाचरत म्हणाल्या. "सगळे वाचतायत. इतकी सुंदर पत्रं."

त्या संध्याकाळी मी माझ्याकडच्या फायली पुसल्या. समुद्राचं पाणी ओंजळीनं उपसण्यातलाच प्रकार होता तो.

८

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सुट्टी दिली. दार लावून घेतलं. लॅपटॉप, माझा फोन, सगळं स्वयंपाकघरात ठेवलं आणि मधलं दारही ओढलं. खोलीत ऊन होतं. मी खुर्ची नेहमीच्या जागेवरून उचलून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, उजवीकडे नेली. उजवा हात दोन्ही हातांत घेतला. गार होता.

आईला बोलवून आणायचं म्हटलं तर कशानं बोलवायचं? पत्रांतलं काहीच चालणार नव्हतं. आईनं अक्काला सगळं लिहिलं होतं, ताप, पडदे, बाबांचा पगार, आमची पहिली पावलं. आयुष्यातलं काय उरलं होतं जे फक्त तिचं होतं? रात्रभर विचार करून मला एकच गोष्ट सापडली होती.

मी तिच्या उजव्या कानाशी वाकले आणि अगदी हळू बोलायला लागले.

"आई, तुला ती दुपार आठवते? मी शाळेतून आले आणि तू घराला कुलूप लावून बाहेरच उभी होतीस. म्हणालीस, चल. कुठे ते सांगितलं नाहीस. आपण बसमध्ये बसलो आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. तिथे काहीच नव्हतं. एक बाक होता आणि मोकळं मैदान. तू बिस्किटांचा पुडा आणला होतास."

बोटं हलली.

"तू चपला काढून पाय वर घेऊन बसलीस. मी तुला कधी तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. आपण खूप वेळ बोललोच नाही. तू मला म्हणालीस, हे कुणाला सांगायचं नाही, दादाला नाही, बाबांना नाही, अक्कालासुद्धा नाही."

बोटं मिटली. या वेळी हलकेच नाही, इतकी घट्ट की माझी अंगठी हाडात रुतली. उजवा डोळा माझ्यावर होता. आई होती. शपथेवर सांगते, त्या डोळ्यात आई होती. बबडे म्हणणारी.

मला हुंदका आवरेना. "आणि मग तू मला विचारलंस, बबडे, आपण इथून परत गेलोच नाही तर?"

मग डाव्या ओठाचा कोपरा उचलला गेला. डावा डोळा माझ्याकडे वळला नाही. तो खाली वळला, माझ्या मुठीतल्या त्या हाताकडे.

"हे तू मला लिहिलं नव्हतंस," आवाज म्हणाला.

दुखावलेला होता. खरोखर दुखावलेला, मोठ्या बहिणीचा.

बोटं माझ्या हातात एकदम थरथरली. मग डावा डोळा सावकाश वर आला, माझ्या तोंडावर स्थिरावला आणि आवाज गोड झाला.

"मग? पुढे काय झालं?"

मी तोंडावर हात दाबून धरला.

तेव्हापासून मी त्या खोलीत एक शब्दही बोललेली नाही. बाई मला घाबरतात. दादा पुढच्या महिन्यात येणार आहे, मला डॉक्टरकडे न्यायला. मी रोज दुपारी उजव्या बाजूला बसते. हात कधी दाबला जातो, कधी नाही. मैदानातल्या त्या बाकावर आई मला पुढे काय म्हणाली, आम्ही तिथे काय ठरवलं, ते मी दादाला सांगणार नाही, डॉक्टरला सांगणार नाही. इथेही लिहीत नाही. लिहिलेलं कुठे जाईल आणि कोण ते मोठ्यानं वाचेल, सांगता येत नाही.